किड्यांची सोयरीक

माझ्या उमेदीची वर्षं कुमारिका वेचण्यात गेली. फळमाशीच्या कुमारिका. जनुकशास्त्राच्या प्रयोगशाळेत या कामाला 'व्हर्जिन कलेक्शन' म्हणतात आणि ते रोज करावं लागतं, त्यामुळे त्याविषयी रोज बोलणंही होतं. मेसमध्ये, रिक्षात, आणि एकदा बँकेच्या रांगेत मी मैत्रिणीला मोठ्याने सांगितलं होतं की आज व्हर्जिन फारच कमी मिळाल्या, सगळ्या रात्रीतूनच बिघडल्या. पुढचे दोन गृहस्थ रांग सोडून गेले. आमचा नंबर लवकर लागला.

काम साधंच आहे. कोशातून नुकतीच बाहेर आलेली मादी पहिले सात-आठ तास नराला जवळ फिरकू देत नाही. त्यानंतर मात्र एकदा जुळलं की ती नराचं बीज पोटात साठवून ठेवते आणि कितीतरी दिवस त्यावरच अंडी घालत राहते. तुम्ही मोठ्या विचाराने निवडलेल्या नराशी तिची गाठ घालता, पण तिचं आधीच कुठे जुळलेलं असलं तर पोरं त्या आधीच्याची निघतात आणि वहीतलं गणित कोसळतं. म्हणून पहाटे बाटल्या रिकाम्या करायच्या, दुपारी पुन्हा यायचं, रात्री जेवणं झाल्यावर पुन्हा. गणपती, दिवाळी, मावसबहिणीचं लग्न यातलं काही माशीला ठाऊक नसतं. पंचवीस अंश तापमान दिलं की दहा दिवसांत तिची पुढची पिढी हजर.

मी नक्की काय करते हे कळावं अशी आत्याची फार इच्छा होती. एकदा मी सोपं करून सांगितलं, "आत्या, मी माशांची लग्नं जुळवते." ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "पुण्याचं काम आहे. पण आधी स्वतःचं बघ." बाबांचे एक मित्र 'माशा मारायला सरकार पैसे देतं का गं?' हा विनोद दर खेपेस नव्याने सुचल्यासारखा करत आणि मी दर खेपेस नव्याने ऐकल्यासारखी हसत असे. शिष्यवृत्ती महिनोन् महिने येत नसे, त्यामुळे प्रश्नात तथ्य होतं.

हे वेड मुळात न्यूयॉर्कचं. कोलंबिया विद्यापीठात टॉमस हंट मॉर्गन यांनी दुधाच्या बाटल्यांत केळी घालून माशा पाळल्या. १९१० साली त्यांना लाल डोळ्यांच्या माशांत एक पांढऱ्या डोळ्यांचा नर सापडला, आणि त्या एका नराच्या वंशावळीवरून जनुकं गुणसूत्रांवर बसलेली असतात ही गोष्ट पक्की होत गेली. अल्फ्रेड स्टर्टेव्हंट या त्यांच्या विद्यार्थ्याने तर पदवीचा अभ्यास चालू असताना, गृहपाठ बाजूला सारून, एका रात्रीत जनुकांचा पहिला नकाशा काढला. तो १९१३ मध्ये छापून आला. मॉर्गनना १९३३ साली नोबेल मिळालं. हे सगळं मला पाठ होतं. गृहपाठ बाजूला सारण्यापर्यंत माझी आणि स्टर्टेव्हंटची वाटचाल एकच होती.

माझा विषय केसांचा. फळमाशीच्या पाठीच्या मागच्या टोकाला एक छोटी ढाल असते आणि तिच्यावर चार राठ केस असतात. कधीमधी पाच असतात. ते पाच का असतात आणि निवड करत गेलं तर पुढच्या पिढ्यांत पाचवाल्या वाढतात का, यावर मी डॉक्टरेट केली. म्हणजे पीएचडीची सगळी वर्षं मी चारापर्यंत मोजलं. दिवस चांगला असला तर पाचापर्यंत.

याच काळात मला बघायला एक स्थळ आलं. कांदेपोह्यांची वेळ नेमकी दुपारच्या वेचणीची ठरली. मी वाटेत प्रयोगशाळेत डोकावून माशांच्या कुप्या पर्समध्ये टाकल्या आणि घर गाठलं. मुलाच्या आईने रीतीप्रमाणे विचारलं, "स्वयंपाक येतो ना?" मी खरं तेच सांगितलं. रोज पातेलंभर शिजवते. मक्याचं पीठ, गूळ, यीस्ट आणि अगर. सतत ढवळावं लागतं, नाहीतर खाली लागतं. उतरवल्यावर जरासं प्रोपिऑनिक आम्ल, बुरशी धरू नये म्हणून. बाईंनी हातातली बशी हळूच टीपॉयवर ठेवली. तेवढ्यात पर्समधल्या एका कुपीचा कापसाचा बोळा सुटला असावा. टोपलीतल्या केळ्यांवर माझा प्रबंध घिरट्या घालू लागला. एक माशी मुलाच्या बाहीवर बसली. मी सवयीने पुढे वाकून तिच्या पोटाचं टोक पाहिलं, काळं होतं, आणि धीर द्यायला म्हटलं, "घाबरू नका, नर आहे."

"कोण?" मुलगा म्हणाला.

आठवड्याने निरोप आला की पत्रिका जमत नाही. आम्ही पत्रिका दिलीच नव्हती.

डॉक्टरेट मिळाली आणि कळलं की चार केसांच्या तज्ज्ञाची देशात कुणालाच गरज नाही. मग विदर्भातल्या एका प्रकल्पाची जाहिरात निघाली: कापसावरच्या किडी आणि त्यांचं जनुकशास्त्र. मुलाखतीत विचारलं, कीटक हाताळण्याचा अनुभव आहे का? मी म्हटलं, लाखोंचा. कुणी आकार विचारला नाही.

रुजू झाल्याच्या आठवड्यात शेतावर गेले. सोबत आमचे फिल्डवरचे एक वयस्क सहायक होते, त्यांना सगळे भाऊ म्हणत. पुण्यात वाढलेल्या माणसाने कापूस पाहिलेला असतो तो औषधाच्या दुकानात, निळ्या कागदात गुंडाळलेला. मी बांधावरच्या एका उंच झाडाची पानं उलटून अंडी शोधायला लागले. हाताच्या पंजाच्या आकाराची पानं, पुस्तकातल्या चित्राशी तंतोतंत जुळणारी. भाऊंनी बराच वेळ पाहू दिलं. मग म्हणाले, "म्याडम, हे पऱ्हाटी नोहे. अंबाडी व्हय."

"मग पऱ्हाटी कुठली?"

"तुमी जिच्यावर पाय देऊन उभ्या हा, ते."

माशीवर शिकलेलं सगळं इथे कामी येईल अशी माझी समजूत होती. पतंगवर्गाने ती एकेक करून उलटी केली. माशीत नर की मादी हे माणसाप्रमाणेच बापाकडून ठरतं, कारण दोन वेगळी लिंगगुणसूत्रं नराकडे असतात. बोंडअळीच्या पतंगात ती मादीकडे असतात, म्हणजे तिथे निर्णय आईचा. माशीच्या नरात गुणसूत्रांची आपसातली अदलाबदल होत नाही, पतंगात मादीत होत नाही. माशीची गुणसूत्रं चार जोड्या, गुलाबी बोंडअळीची तीस. एवढ्या संख्येची मला सवय नव्हती.

हे पतंगातल्या आईचं प्रकरण मी एकदा शेतकरी मेळाव्यात उत्साहाने सांगितलं. आधी प्रस्तावना म्हणून माणसात मुलगा-मुलगी हे पुरुषाकडून ठरतं, सुनेला दोष देणं अडाणीपणाचं, असंही सुनावलं. बायकांच्या बाजूने टाळ्या पडल्या. मग पतंगात उलटं असतं म्हणाले. पहिल्या रांगेतली एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "म्हंजे त्यायच्यात सासूचं बोलनं बरोबर असते." माझं उरलेलं भाषण कुणी ऐकलं नाही. मेळाव्याच्या वृत्तांतात तेवढंच एक वाक्य आलं, तेही माझ्या नावावर.

आता गुलाबी बोंडअळीबद्दल दोन शब्द, कारण माझ्या फजितीत अर्धा वाटा तिचा आहे. ही इथलीच जुनी रहिवासी. १८४३ साली सॉन्डर्स नावाच्या इंग्रज कीटकतज्ज्ञाने तिचं शास्त्रीय वर्णन केलं ते भडोचकडून गेलेल्या नमुन्यांवरून. पतंग दिसायला अगदी सामान्य, मातकट, सेंटिमीटरभराचा. अळी अंड्यातून निघाली की थोड्याच वेळात पातीत, फुलात नाहीतर बोंडात शिरते आणि तिच्यामागे भोक बुजून जातं. बाहेरून बोंड हिरवंगार, आत ती सरकी खात बसलेली. फवारा मारा, आरती करा, तिला पत्ता नसतो. फुलात शिरली तर पाकळ्या आतून धाग्याने शिवून टाकते आणि फूल उमलतच नाही, गुलाबाच्या कळीगत दिसतं. त्याला डोमकळी म्हणतात. हंगाम संपला की दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यांच्या पोटात झोपून जाते, थेट पुढच्या पावसाळ्यापर्यंत. रजा कशी घ्यावी हे सरकारी नोकरांनीही तिच्याकडून शिकावं.

२००२ साली देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली. मातीतल्या एका जीवाणूचं जनुक कापसात घातलेलं. त्याने तयार केलेलं प्रथिन अळीच्या आतड्याच्या पेशींवर ठरावीक जागी जाऊन बसतं आणि त्यांना भोकं पाडतं. २००६ मध्ये दोन जनुकांचं वाण आलं. शेतकरी खूश, बियाणंवाले खूश. माझा प्रकल्प असा होता की प्रयोगशाळेत मुद्दाम या विषाला दाद न देणारी बोंडअळी घडवायची. अन्नात थोडं थोडं विष घालायचं, जगतील त्यांचीच आपसात लग्नं लावायची, आणि पिढ्यांमागून पिढ्या काढून शेवटी ती तगते कशी ते तिच्या जनुकांत शोधायचं. शेतात हे घडेल त्याच्या आधी आपल्या हाती उत्तर असावं, असा विचार. कागदावर हा विचार फार देखणा दिसत होता.

अळ्या पाळणं हे माशा पाळण्यापेक्षा वेगळं प्रकरण. शेजारच्या खोलीत हिरवी बोंडअळी होती. ती एकत्र ठेवली तर एकमेकींना खाते, म्हणून प्रत्येकीला स्वतंत्र खोली द्यावी लागते, आणि जेवायला हरभऱ्याचं पीठ, यीस्ट, जीवनसत्त्वं असा सकस आहार. विद्यार्थ्यांचं वसतिगृह त्याच आवारात होतं. तिथे एका खोलीत तिघे आणि आठवड्यातून चार दिवस दुधीची भाजी. पोत्याने बेसन खरेदी होऊ लागल्यावर हिशेब तपासनिसांचा आक्षेप आला: हा खर्च चहापान या शीर्षाखाली का दाखवला नाही? मी उत्तर दिलं की सदर बेसन अळ्यांनी खाल्लं. उलट टपाली पत्र आलं, लाभार्थ्यांची यादी जोडावी. मी यादी जोडली. अळी क्रमांक एकपासून. ती मान्य झाली, फक्त सह्या नाहीत म्हणून शेरा मारला.

माझी गुलाबी वसाहत मोठ्या कष्टाने पिढी-दर-पिढी पुढे सरकत होती. थोडी सहनशक्ती वाढल्याचं आकड्यांत दिसू लागलं की मी वरिष्ठांना अहवाल पाठवायची आणि नेमकं काहीतरी व्हायचं. एकदा बुरशी आली. एकदा विषाणू. ते भारनियमनाचे दिवस होते. एका मे महिन्यात बाहेर पारा पंचेचाळिसाच्या वर, वीज गेलेली आणि जनरेटरमधलं डिझेल कुणाच्या तरी मोटारसायकलला लागलेलं. (मोटारसायकल पेट्रोलवर चालते हे मी तेव्हा बोलले नाही, चौकशी समितीनेही लिहिलं नाही.) सकाळी ताटल्या उघडल्या तर विषाला दाद न देणाऱ्या माझ्या अळ्यांनी उन्हाला दाद दिलेली होती.

मी पायरीवर बसले होते. भाऊ चहा घेऊन आले. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे बीटी खाऊन जगनारी अळी पायजे ना तुमाले?"

"हो."

"मंग येथीसा काहून बनवून राहिल्या? लोकं म्हणतात, गुजरातकडं झाली तयार."

लोक बरोबर म्हणत होते. गुजरातच्या काही जिल्ह्यांत गुलाबी अळी पहिल्या बीटीला पचवू लागल्याचं २०१० साली बियाणं कंपनीनेच जाहीर केलं. पुढे तिथून गोळा केलेल्या अळ्यांचा अभ्यास झाला, तो २०१४ मध्ये छापून आला, आणि त्यात जे दिसलं ते वाचून मी दोन दिवस कुणाशी बोलले नाही. आतड्यातली जी जागा विषाला बसायला लागते, तिचं जनुक या अळ्यांनी एका प्रकाराने नाही, अनेक प्रकारांनी बिघडवलेलं होतं. वर एकाच जनुकाच्या निरोपाची निरनिराळी काटछाट करून आणखी नमुने काढले होते. मला वातानुकूलित खोलीत, बेसन आणि अनुदान असूनही जे जमलं नाही ते तिने उघड्या रानात, कुणाचीही मंजुरी न घेता करून दाखवलं. तिच्याकडे अर्थात कोट्यवधी अळ्या होत्या. आणि हिशेब तपासनीस नव्हते.

हे होणार हे सगळ्यांना आधीपासून माहीत होतं, यात खरी गंमत आहे. १९१४ सालीच मेलॅंडर या अमेरिकन कीटकतज्ज्ञाने फवाऱ्याला न जुमानणाऱ्या किडीबद्दल लिहून ठेवलं होतं. त्यावरचा तोडगाही बीटीबरोबरच दिला होता, आणि तो तोडगा माझ्या ओळखीचा निघाला, कारण तो शुद्ध सोयरिकीचा मामला होता. विष पचवणारी अळी सुरुवातीला लाखांत एखादी असते. तिचा पतंग झाला आणि त्याला तसाच जोडीदार भेटला तर पोरं सगळी विष पचवणारी. पण साध्या, विषाने मरणाऱ्या पतंगाशी त्याचं जुळलं तर पोरांना तो गुण अर्धाच मिळतो आणि ती बीटीवर मरतात. तेव्हा साधी स्थळं मुबलक हवीत. म्हणून बीटी कापसाच्या भोवती साध्या कापसाच्या निदान पाच ओळी लावायच्या, तिथे अळीला पोटभर खाऊ द्यायचं. साडेचारशे ग्रॅम बीटी बियाण्याच्या पाकिटासोबत साध्या बियाण्याचं एकशेवीस ग्रॅमचं जे वेगळं पुडकं मिळायचं ते म्हणजे पतंगांचं वधूवर सूचक मंडळ होतं.

मी गावोगाव जाऊन हे मंडळ चालवा असं सांगत फिरले. पाटीवर चौकोन काढून मोठ्या-लहान अक्षरांनी जनुकं समजावली. वडगाव-पिंपळगाव कुठलंही असो, प्रश्न एकच यायचा. एका शेतकऱ्याने तो सर्वांत नेमका विचारला: "म्हंजे पाच ओळी म्या अळीले खाऊ घालाले लावू? माह्या घरी खानारे काय कमी हायेत?"

मी पुन्हा चौकोन काढला. तो म्हणाला, "तुमचं समजलं म्याडम. माहं तुमाले समजलं काय?" ते पुडकं कुणी बांधावर फेकलं, कुणी घरीच ठेवलं. एका घरी मला ते दाराची खिट्टी म्हणून लावलेलं दिसलं. नेमका जाड कागद होता.

सगळा दोष त्या पुडक्याचा नव्हता, हेही खरं. आपल्याकडे बीटी कापूस आला तो संकरित वाणांतून. संकरिताच्या बोंडात जी सरकी धरते तिच्यात मेंडेलच्या हिशेबाने काही दाण्यांत विषाचं जनुक असतं, काहींत नसतं. गुलाबी अळी सरकीच खाते. तिला एकाच बोंडात साधा दाणाही मिळतो आणि विषाचाही, जेवता जेवता सवय होते. शिवाय वाणं लांब मुदतीची, त्यात फरदड, म्हणजे जुन्याच झाडांवर पुन्हा पीक, घेऊन फेब्रुवारी-मार्चपर्यंत पऱ्हाटी उभी. अनेक अभ्यासकांनी या गोष्टींकडे बोट दाखवलं. प्रयोगशाळेत मी जे थोडं-थोडं विष चमच्याने घालत होते ते शेतात वाटीने वाढलं जात होतं.

माझ्या आयुष्यातला सर्वांत यशस्वी प्रयोग याच सुमारास झाला, आणि तो मी ठरवून केलेला नाही. मादी पतंग नराला बोलावते ती वासाने. त्या वासाचे घटक १९७३ साली ओळखले गेले आणि तेव्हापासून तो कारखान्यात बनतो. रबराच्या बारीक गोळीत भरून कामगंध सापळ्यात टांगतात. माणसाच्या नाकाला काही कळत नाही. सापळ्यातल्या गोळ्या बदलायला जाताना मी पाकिटं शालीत गुंडाळून नेत असे, कारण पिशवी नेहमी भाऊंकडे आणि भाऊ नेहमी पुढे.

तुळशीचं लग्न लागलं की विदर्भात माणसांची लग्नं सुरू होतात, आणि गुलाबी बोंडअळीचा जोरही हंगामाच्या त्याच उत्तरार्धात असतो. भाऊंच्या पुतणीचं लग्न होतं. हळदीची रात्र, अंगणाला लागून कापूस. थंडी होती म्हणून मी शाल पांघरली. जेवणं, गाणी, थट्टा चालली होती. मध्यरात्र उलटल्यावर माझ्याभोवती काहीतरी भिरभिरू लागलं. एक खांद्यावर बसला, एक कानाशी, मग चार-पाच. नवरीची आजी म्हणाली, "म्याडमच्याच अंगाले काहून झोंबून राहिले हे?"

मला बघायला एवढी स्थळं एका वेळी कधीच आली नव्हती.

दुसरी कुणी उठून आत गेली असती. मी दिव्याखाली जाऊन एकेक पकडला आणि पोटाचं टोक उलटून पाहिलं. सगळे नर. दिव्याला भुलून आले असते तर माद्याही असत्या. खात्री करायला म्हणून शाल काढून मांडवाच्या दुसऱ्या टोकाच्या खांबावर टांगली, कुडकुडत बसून राहिले, आणि थोड्याच वेळात सगळे तिकडे गेले. मग आणखी पक्कं करायला शाल तिसरीकडे नेली. ते तिकडेही आले. नवरदेवाकडची मंडळी हा विधी कुठला ते एकमेकांना विचारू लागली. भाऊंनी त्यांना सांगितलं की पुण्याकडे असं करतात.

तेवढ्यात भाऊ मोजत होते. "म्याडम, आठ झाले." सापळ्यात एका रात्री आठ पतंग, आणि तेही लागोपाठ तीन रात्री, म्हणजे नुकसानीची पातळी ओलांडली, फवारणीचा निर्णय घ्या, असा नियम आहे. भाऊंचा मोठा भाऊ, म्हणजे नवरीचा बाप, हळदीच्या हाताने पुढे आला. "मंग फवाराचं काय?"

"आणखी दोन रात्री बघायला हव्यात," मी म्हटलं.

त्याने शांतपणे विचारलं, "म्हंजे तुमी आनखी दोन रात्री राह्यता?"

इतका नीटनेटका प्रयोग, तुलनेसकट, पुन्हा माझ्या हातून झाला नाही. शोधनिबंधात घालता आला नाही एवढंच. 'साहित्य आणि पद्धती' या भागात हळदीचा मांडव कसा लिहावा ते सुचेना.

२०१७ च्या हंगामात यवतमाळपासून थेट खानदेशापर्यंत बोंडं फुटली तेव्हा आत कवडी होती, म्हणजे किडका कापूस. दोन जनुकांचं बीटीही अळीने पचवलं होतं. लोकांनी उभ्या पिकात नांगर घातले, जनावरं सोडली. एका शेतावर मी नमुने गोळा करत होते. कीड किती टक्के ते काढण्यासाठी बोंडं फोडायची आणि मोजायचं, हे काम मला येतं. मालक बांधावर उकिडवा बसून बघत होता. म्हणाला, "मोजा. तुमी मोजल्यावर कमी होतात काय?" मी मोजत राहिले. दुसरं काही येत नव्हतं.

त्याच्या पुढच्या वर्षी, २०१८ साली, अमेरिकेने आपल्या कापसातून गुलाबी अळी पूर्ण हटल्याचं जाहीर केलं. तिथे बीटी होताच, शिवाय पऱ्हाटी वेळेत काढण्याची शिस्त, कामगंध, आणि विमानातून सोडलेले नपुंसक पतंग. किरणोत्सर्गाने नसबंदी केलेले लाखो पतंग रोज शेतावर सोडायचे, म्हणजे रानातल्या माद्यांना जोडीदार मिळतो पण संसार होत नाही. सापळ्यात सापडलेला पतंग आपला की रानातला हे ओळखायला अळ्यांच्या अन्नातच लाल रंग घालायचे. पतंग चिरडला की आतून लाल. मला ही कल्पना इतकी आवडली की मी छोट्या प्रमाणावर करून पाहायला घेतली. अळ्या रंगल्या की नाही ते सांगता येणार नाही, मी रंगले. तेलात विरघळणारा रंग साबणाला ऐकत नाही. त्याच आठवड्यात बढतीची मुलाखत होती. लालभडक तळवे बघून समितीतल्या एका बाईंनी प्रेमाने विचारलं, "घरात लग्न होतं वाटतं?" मी म्हटलं, "हो, अळ्यांचं." बढती पुढच्या खेपेस मिळाली.

या सगळ्यात माझंही लग्न झालं. नवरा बँकेत आहे. माशा त्याला चालतात, अळ्या चालत नाहीत, आणि फ्रिजमध्ये काहीच चालत नाही. नातेवाइकांना माझा उपयोग एवढाच की तांदळात सोंडे झाले की मला फोन येतो. मी त्यांना त्या सोंड्याचं शास्त्रीय नाव सांगते. ते आत्याला फोन करतात आणि ती कडुनिंबाचा पाला सांगते.

गेल्या महिन्यात नवऱ्याने उपम्यासाठी रव्याचा डबा उघडला तर रवा चालत होता. तांबूस, चपटे, तीन-चार मिलिमीटरचे भुंगेरे. मी चष्मा पुसून पाहिलं आणि आनंदाने ओरडलेच. पिठातला तांबडा भुंगेरा! भुंगेऱ्यांच्या सगळ्या जगात ज्याची जनुकसंहिता सर्वांत आधी उलगडली, २००८ साली, तो हा. गोदामातल्या विषारी धुरीला न जुमानणारी याची कुळं देशात कितीतरी जागी सापडलेली आहेत. आमच्या कोपऱ्यावरच्या वाण्याकडचे कुठल्या कुळातले असतील? मी नवऱ्याला रवा टाकू दिला नाही. निम्मा एका बरणीत घातला, तोंडाला मलमल बांधली, वर तारीख घातली. फ्रिज वर्ज्य म्हणून बरणी गॅलरीत ठेवली आणि ऑफिसला गेले.

संध्याकाळी आले तर बरणीपासून कुंडीपर्यंत मुंग्यांची रांग लागली होती. मलमलीला एका बाजूने भोक, बरणीत रव्याची भुकटी आणि थोडे पाय. नवरा मागे येऊन उभा राहिला. म्हणाला, "तू एवढी किड्यांची डॉक्टर, या मुंग्यांचं काहीतरी कर."

मी त्याला समजावून सांगितलं की मुंग्या माझ्याकडे येत नाहीत. त्यांच्यात नर बिनफळलेल्या अंड्यातून होतो, त्याला बापच नसतो, आजोबा मात्र असतात. तो पूर्ण वेगळा हिशेब आहे आणि त्याची माणसं वेगळी.

"बरं," तो म्हणाला, आणि खडू आणायला आत गेला.